मंडळीच्या शिस्तीखाली

४ नोव्हें. २००१, रविवार

आज उपासनेत दादासाहेबांची प्रार्थना वीस मिनिटं. घड्याळ लावून बघितलं, पाप लागलं तर लागो. विजयचं नाव तीनदा. "माझ्या निष्कलंक मुलाला तू आपल्या घरी नेलंस." वर्ष झालं विजयला जाऊन. ट्रक चालवायचा, आळेफाट्यावरून नाशिक, तिथून पुढे इंदूर. काविळीनं गेला असं सांगतात.

दादासाहेब मंडळीचे प्रमुख पंच. कबरस्थानाचं कंपाउंड त्यांनी बांधून दिलं, गेटवर त्यांच्या आईवडिलांच्या नावाची फरशी. पाळकसाहेबसुद्धा त्यांच्याकडे बघून मग आमेन म्हणतात.

विजयची बायको सुमन शेवटच्या बाकावर. त्या बाकावर दुसरं कोणी नाही. गाताना तोंड उघडलं तेव्हा दिसलं, जिभेवर पांढरा बुरा. गालफडं बसलीत. वीस वर्षं नर्स आहे मी. असं तोंड ओळखता येतं.

येताना एस.टी.त आमच्या ह्यांना, यशवंतांना म्हटलं, "सुमनचं रक्त तपासायला हवं." ते खिडकीबाहेर कांद्याची रोपं बघत राहिले. मंडळीचे सेक्रेटरी आहेत ना. सेक्रेटरीला ऐकू कमी येतं.

८ नोव्हें., गुरु.

उपकेंद्रात लसीकरण. बेचाळीस पोरं, बेचाळीस तऱ्हेची रडणी. सगळ्या बायका पांगल्यावर सुमन आत आली. चालत आली होती.

"ताई, तुमी बगितलं ना रविवारी?"

"काय?"

"माजं तोंड."

रक्त पुण्याला तपासून झालंय, सहा महिन्यांपूर्वीच. कागद पदराच्या गाठीत. "त्यांचं पन तेच व्हतं. कावीळ न्हवती." सासऱ्यांना माहीत आहे का विचारलं. "त्यांनीच सांगितलं, कावीळ म्हनायची."

आता तिला गोठ्याशेजारच्या खोलीत टाकलंय. ताट वेगळं. घरात रोज संध्याकाळी कौटुंबिक प्रार्थना होते, ती तिनं उंबऱ्याबाहेर बसून ऐकायची.

तोंडाला जांभळं औषध लावलं. हातमोजे घातले होते, ते कामापुरते. मग काढून तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती दचकली. वर्षभरात कोणी हात लावला नसावा.

१९ नोव्हें., सोम.

मीटिंगहून येताना आळेफाट्याला गाडी बदलायला उतरले. स्टँडवर सुमन. एक गाठोडं, एक पत्र्याची पेटी. सकाळपासून बसलेली. भावाकडे संगमनेरला निघाली होती. भावानं शेजाऱ्याच्या फोनवर सांगितलं, येऊ नको, पोरींची लग्नं व्हायचीत. सासरच्या खोलीला मागोमाग कुलूप लागलं.

"मग आता कुठं?"

"बगत्ये गाड्या. कंचीबी यक."

पिंपरी पेंढारची दोन तिकिटं काढली. उपकेंद्रामागच्या आमच्या क्वार्टरमध्ये तिला आणली. आतल्या खोलीत खाट लावून दिली.

य. शाळेतून आले, तिला बघितलं. "किती दिवस?" म्हटलं, माहीत नाही. त्यांनी हातपाय धुतले. मग आपला पाण्याचा तांब्या उचलून वरच्या फळीवर ठेवला. मी बघितलं, आणि मी बघितलेलं त्यांनी बघितलं.

२० नोव्हें.

य. घाबरलेत. घाबरले की ओरडत नाहीत, पोरांच्या वह्या तपासतात. आज साठ वह्या.

"ताटवाटीनं पसरत नाही तो रोग."

"माहितीय गं. शाळेत ते पोस्टर मीच लावलंय."

"मग?"

"पोस्टरशेजारी बसून जेवावं लागत नाही."

हसू आलं, रागही. खरं बोलतो माणूस, पण फक्त स्वयंपाकघरात.

२ डिसें., रविवार

नीट लिहून ठेवते, उद्यापासून लोक दहा तऱ्हांनी सांगतील.

महिन्याचा पहिला रविवार, प्रभुभोजन. सुमन माझ्याबरोबर आली. मी तिला दुसऱ्या बाकावर बसवली, माझ्या शेजारी. पुढच्या बाकावरच्या बाया थोड्या सरकल्या. सरकू देत.

आमच्यात एकच प्याला फिरतो. चांदीचा, जुना, मिशनच्या काळातला. भाकर वाटून झाली. पाळकसाहेब प्याला घेऊन आमच्या रांगेशी आले, तोच दादासाहेब वेदीमागच्या खोलीतून स्टीलचा ग्लास घेऊन आले. त्यात दोन घोट द्राक्षरस. हळूच म्हणाले, पण सगळ्यांनी ऐकलं, "हिला यात द्या."

सुमननं हात पुढे केला होता. मागे घेतला.

मी उठले. म्हटलं, "तो ग्लास इकडे द्या. मी घेते. प्याला तिला द्या." आणि दादासाहेबांच्या हातातून ग्लास घेतला आणि प्याले. 

 पा.सां.नी प्याला छातीशी धरला आणि पुढच्या रांगेत गेले.

य. दान गोळा करायची थाळी घेऊन भिंतीशी उभे होते. पायांकडे बघत.

येताना मला फार बरं वाटत होतं. खोटं कशाला लिहू. अंगात वारं भरल्यासारखं.

५ डिसें., बुध.

पा.सा. मोटारसायकलवर आले. चहा नको म्हणाले.

"एस्तेरबाई, लोक घाबरलेत. पुढच्या महिन्यात अर्धी मंडळी प्याला घ्यायला येणार नाही."

"अर्ध्यांना घरी बसू द्या. ती आलीय ना."

"तुम्ही शिकलेल्या आहात..."

"म्हणूनच सांगते. प्याल्यानं काही होत नाही. सरकारी डॉक्टरांना आणते, उपासनेनंतर दहा मिनिटं बोलतील."

"विषय तो नाही."

"मग कोणता?"

त्यांनी उभ्यानंच प्रार्थना केली, या घराला सुबुद्धी मिळावी म्हणून. सुमन आतल्या खोलीत खोकत होती. ते उभे होते तिथून तिची खाट फार तर तीन पावलं. गेले नाहीत. विचारलंही नाही कशी आहे.

माणूस वाईट नाही. त्यांचं क्वार्टर मंडळीचं आहे, दोन मुली कॉलेजात, पंचांनी ठराव केला की सामान ट्रकमध्ये. हे सगळं मला कळतं. तरी तीन पावलं.

६ डिसें.

मेथी निवडताना सुमन म्हणाली, "ताई, येक इचारू का? राग नका धरू."

"विचार."

"तुमी प्यालात. मी तशीच राह्यले."

काडी हातातच राहिली माझ्या.

"मला भांडान नको व्हतं. मला घोट पायजे व्हता. ग्लासातला तर ग्लासातला. तुमचं दादासाहेबांशी जुनं हाय, ते माज्या नावावर नका भांडू."

जुनं आहे. महिला मंडळाच्या अध्यक्षपदाचं, सात वर्षांपूर्वीचं. तिला कोणी सांगितलं कोण जाणे.

दिवसभर बोलले नाही तिच्याशी. तिच्यावर राग नव्हता.

१६ डिसें., रविवार

देवळात गेले नाही, पाय दुखत होते. दुपारी य. आले, पाकीट टेबलावर ठेवलं, कपडे न बदलता बसून राहिले.

"...प्रभुभोजनाच्या पवित्र विधीत व्यत्यय आणल्यामुळे सौ. एस्तेर यांना आजपासून सहा महिने मंडळीच्या शिस्तीखाली ठेवण्यात येत आहे. या काळात त्यांना उपासनेस, प्रभुभोजनास व महिला मंडळास..." वगैरे.

य.चं अक्षर. मोत्याचे दाणे. 'व्यत्यय' अगदी शुद्ध.

"तुम्ही लिहिलंत?"

"ठराव झाला. सेक्रेटरी आहे मी."

"विरोधात हात वर केलात?"

"नाही."

"बाजूनं?"

"नाही."

"मग हात कुठं होता?"

"लिहीत होतो."

पत्र पुढच्या खोलीत कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. य.नी काढलं नाही.

२५ डिसें.

जन्मल्यापासून पहिला नाताळ देवळाबाहेर. य. एकटेच गेले, नव्या शर्टात, करंज्यांना हात न लावता. परवा मंडळीची पोरं गाणी म्हणत गावात आली होती, आमच्या दारावरून गेली, पुढच्या घरी गायली. ऐकू येत होतं सगळं.

सकाळी भिवाभाऊ शेळीचं दूध घेऊन आला. शेजारचा. मेंढरं विकून आता शेती करतो, शेळ्या मात्र सोडल्या नाहीत. दारातूनच ओरडला, "हॅपी किसमस, नर्सबाई! टीवीवर दावत्यात तसलं झाड न्हाई व्हय तुमच्यात?" सुमन इतकी हसली की खोकल्याची उबळ आली. त्याला करंज्या दिल्या. तो तिथंच पायरीवर बसून खाऊ लागला. ती खाटेवरून, तो पायरीवरून, शेळ्यांविषयी तासभर. सुमनच्या माहेरीही शेळ्या होत्या.

भिवाला रोगाचं सगळं सांगितलंय मी, सुमनच म्हणाली सांगा. त्यावर त्यानं एवढंच विचारलं होतं, दूध कच्चं चालेल का उकळून.

९ जाने. २००२

दिवसात चारदा चादर. टीबी निघालाय, गोळ्या चालू, पोटात टिकत नाहीत. उपकेंद्र, घरोघर पोलिओ, रजिस्टर, मग ही.

आज ओरडले तिच्यावर. "जरा सांगायचंस तरी लवकर!" असं. म्हणजे तिच्या हातात होतं ते जणू. मग मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिले.

नाक धरून सेवा करते मी. कपाळाला आठ्या. दादासाहेबांना नावं ठेवताना जी ताठ मान असते ती चादर धुताना कुठं जाते?

परत आले तर डोळे मिटून पुटपुटत होती. ऐकू आलं. "देवा, ताईला झोप दे." बास. एवढीच प्रार्थना.

६ फेब्रु.

जवळजवळ महिनाभर काही लिहिलं नाही. तिचं वजन एकतीस. य. आता तिच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून पेपर वाचतात, मोठ्यानं. बिबट्याच्या बातम्या आधी. ओतूरकडे कुणाची कालवड नेली, उसात पिल्लं सापडली. तिला त्या आवडतात. "मास्तर, सापडला का तो?" रोज विचारते.

खुर्ची उंबऱ्याच्या अलीकडेच. पण तांब्या फळीवरून खाली आलाय. कधी आला ते कळलं नाही.

१३ फेब्रु., बुध.

ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू. दादासाहेबांनी चाळीस दिवस एकवेळ जेवणार असं उपासनेत उभं राहून जाहीर केलं, य.नी सांगितलं. जाहीर कशाला करायचं? पोट स्वतःचं आहे ना.

दुपारी त्यांची बायको, शांताकाकू, उपकेंद्रात. बीपी बघायला म्हणून. बीपी ठीक होतं. उठेचनात.

"कशी हाय?"

"मागंच आहे खोली. चला की."

"न्हाई. उपास हाय माजा."

उपासाचा आणि सून बघण्याचा काय संबंध ते मी विचारलं नाही. पिशवीतून तीन जुनी नऊवारी काढली, धुऊन मऊ झालेली. "फाडून घ्या खाली घालाया. कुनाला बोलू नका." आणि ज्या गेल्या त्या मागे न बघता.

सुमनला सांगितलं. तिनं लुगडं गालाशी धरलं. म्हणाली, "हे हिरवं सासूबाईंच्या भावानं घेतल्यालं."

३ मार्च, रविवार

पुन्हा पहिला रविवार. मी पा.सां.ना निरोप धाडला होता दोनदा, चिठ्ठी लिहून एकदा: ती आता उठू शकत नाही, तुम्ही घरी येऊन तिला प्रभुभोजन द्या. माझ्या शिस्तीचं काय ते राहू दे, मी बाहेर अंगणात उभी राहते. उत्तर आलं, पंचांशी बोलून कळवतो.

आज सकाळी सुमननं विचारलं, "आले का?" म्हटलं, नाही.

"मग तुमी द्या."

"मला अधिकार नाही गं."

"मला पन न्हाई. द्या."

भिवानं काल द्राक्षं आणून दिली होती, शेजारच्या बागेतली, सुटलेली. वाटीत पिळली, फडक्यानं गाळली. ज्वारीची भाकरी होती. काय बोलायचं ते सगळं पाठ, पण ते म्हटलं नाही. शेवटी साध्या शब्दांत सांगितलं, त्यानं आपल्यासाठी देह मोडला, घे. तिनं घास चघळला, बराच वेळ. मग वाटी. दोन घोट. उरलेलं मी घेतलं, तिच्या मागून, त्याच वाटीतून. या वेळी अंगात वारं वगैरे काही भरलं नाही.

वर बघितलं तर दारात य. देवळातून लवकर आले होते. कधीपासून उभे होते कोण जाणे. मला वाटलं आता म्हणतील, हे नियमात नाही. म्हणालेही. "हे नियमात नाही." आणि टोपी काढून, हलक्या आवाजात, "आमेन."

दुपारी सुमन म्हणाली, "मला पुराल तर कबरस्थानात पुरा. माजा बाप्तिस्मा तितल्याच देवळातला, बारा वर्सांची व्हते. मी मंडळीची हाय. पन त्यांच्या शेजारी नको."

"मग?"

"लिंबाखाली."

११ मार्च, सोम.

सकाळी साडेदहाला गेली. मी उपकेंद्रात वजनं करत होते. भिवा बोलवायला आला. य. शाळेत. म्हणजे जवळ भिवाच होता. "पानी मागितलं, मी पाजलं, मग निजली. मला वाटलं निजली."

एकोणतीस वर्षं.

शांताकाकूंच्या लुगड्यातलं हिरवं फाडायचं राहिलं होतं. तेच नेसवलं.

१२ मार्च, मंगळ.

काल दुपारी य. स्वतः पा.सां.कडे गेले. संध्याकाळी आले. पंचांचं म्हणणं: सुमन सासर सोडून गेली, तीन महिने उपासनेस नाही, सबब ती मंडळीच्या यादीत नाही. कबरस्थानात जागा देता येत नाही. गेटला नवीन कुलूप लावलंय, किल्ली दादासाहेबांकडे.

भिवा म्हणाला, "आमच्या बांधाला जागा हाय. तितं दोन मेंढरं पुरल्यात... म्हंजी तसं न्हवं, पर जागा चांगली हाय, सावली हाय."

त्याच्या पाया पडावंसं वाटलं. पण म्हटलं, नाही भाऊ. तिनं जागा सांगितलीय. तुमचं भांडण माझ्या नावावर भांडू नका म्हणणारी बाई ती. हे भांडण तिनं स्वतः दिलंय मला.

सकाळी नऊला टेम्पो. सुतारानं पेटी करून दिली. मी, य., भिवा, त्याचा भाऊ, पहार, कुदळ, दोन घमेली. 

गेटला खरंच नवीन कुलूप, पितळी. भिवाच्या हातातल्या पहारीकडे मी बघितलं. तो म्हणाला, "न्हाई नर्सबाई. खड्डा खांदीन, म्हनाल तितका खोल. पन तुमच्या धर्माच्या कुलपाला आमी हात लावनार न्हाई. ते तुमचं तुमी."

बरोबर बोलला.

पहार घेतली. आयुष्यात सुईपेक्षा जड हत्यार चालवलं नव्हतं. पहिला घाव फरशीवर, दादासाहेबांच्या वडिलांच्या नावाचा टवका उडाला. ते मुद्दाम नव्हतं. दुसरा हुकला. तिसऱ्याला कडी वाकली, पाचव्याला कुलूप खाली. हात अजून दुखतायत, हे अक्षर बघा.

लिंबाखालचा खड्डा निम्मा झाला तेव्हा दादासाहेब आले, जीपमधून. मागे शांताकाकू. गेटच्या बाहेर थांबले.

"हा गुन्हा आहे. पोलिसात जातो मी."

"जा की. पण नीट सांगा तिथं. मयत कोण, तुमची कोण, कशानं गेली, तिला कुणी घराबाहेर काढलं. मीही येते जबाबाला. विजयपासून सुरू करू."

उपासानं गालफडं बसलेली त्यांची. एक क्षण मला वाटलं रडणार. रडले नाहीत. "तू मंडळीचं वाटोळं करतीयेस, एस्तेर," म्हणाले, आणि आवाजात खोटं काही नव्हतं. त्यांना खरंच तसं वाटतं. हे मला आधी कधी कळलं नव्हतं.

पेटी उतरवली. पाळक नाहीत. आता कोणी काय म्हणायचं? मी य.कडे बघितलं नाही. ठरवलं होतं बघायचं नाही, मागायचं नाही.

य. पुढे झाले. टोपी काढली. दफनाची उपासना सुरू केली, पहिल्या ओळीपासून. पुस्तक नाही हातात. बावीस वर्षं प्रत्येक दफनाला पाळकांच्या मागे पुस्तक धरून उभा राहिलेला माणूस, सगळं पाठ. मधे दोनदा थांबले, एकही शब्द चुकला नाही.

ते सगळे शब्द मी कायम टरफल समजत आले. आज त्यांच्याशिवाय माझ्याकडे काहीच नव्हतं.

माती लोटताना गेटकडे बघितलं. दादासाहेब जीपमध्ये. शांताकाकू गेटशीच, आत नाही. पायांतल्या चपला मात्र काढून ठेवलेल्या.

१४ मार्च, गुरु.

मंडळीची दफन-नोंदवही य.कडेच असते, लोखंडी कपाटात. आज शाळेतून आल्यावर काढली. नवीन टाक, शाई. मी भाजी चिरत होते.

"नाव, सुमन. वय, एकोणतीस. 'कोणाची' या रकान्यात..." थांबले. मग लिहिलं, दादासाहेबांचं पूर्ण नाव, आणि पुढे 'यांची सून'.

"मृत्यूचं कारण?"

मला वाटलं होतं या प्रश्नाची मी वाटच बघतेय. लिहा, मोठ्या अक्षरात लिहा, वाचू दे सगळ्यांना. पण नर्स आहे. आणि ती आता सांगायला नाही, सांगा म्हणून.

"क्षय. तेही खरंच आहे."

य.नी चार पानं मागे उलटून दाखवलं. विजयची नोंद. 'कावीळ.' तेच अक्षर, मोत्याचे दाणे.

"मला तेव्हाच माहीत होतं," म्हणाले. "लिहिताना माहीत होतं."

पान परत पुढे आणून त्यांनी 'क्षय' लिहिलं. मग शेवटचा रकाना, 'विधी कोणी चालविला'. तिथं आजवर फक्त पाळकांची नावं आहेत. य.नी स्वतःचं लिहिलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट, आणि टिपकागद दाबून धरला.

२० मार्च

पंचांची बैठक झाली, य.ना न बोलावता. पा.सा. सांगायला आले. ही नोंद बेकायदेशीर. 'सून' आणि 'विधी', दोन्ही रकाने य.नी स्वतःच्या हातानं खोडावेत, खाली माफी लिहावी. तसं केलं तर कुलपाचं प्रकरण मिटवतील, माझीही शिस्त उठवतील, ईस्टरला दोघांनी प्रभुभोजनाला यावं. नाही केलं तर दोघांची नावं कमी, आणि वही रविवारी पंच येऊन घेऊन जातील, खोडायचं ते खोडतील.

या वेळी पा.सां.नी चहा घेतला. कप खाली ठेवत म्हणाले, "ती कोणत्या खोलीत होती?"

दाखवली. उंबऱ्याशी उभे राहिले थोडा वेळ. खाट रिकामी, गादी उन्हात. मग आत गेले. आत काय केलं माहीत नाही, मी मागे गेले नाही. बाहेर आले ते सरळ मोटारसायकलकडे.

य.ना विचारलं, काय ठरवलंत. "बघू."

माझं ठरलंय. एक टिंबही खोडायचं नाही. पण खरं लिहायचं तर, ईस्टरला देवळात नसणं, हे मी धरून चालले तितकं सोपं नाही. गाणी आठवतात. मधलं कडवं, बायकांचा आवाज आधी चढतो ती जागा. आईचं लग्न तिथलं, माझं तिथलं. दादासाहेबांचं देऊळ म्हणून त्यांना कसं देऊन टाकू?

आणि वही काही माझी नाही. हात य.चा आहे.

२४ मार्च, झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आधीचा

आज य. देवळात गेले नाहीत. बावीस वर्षांत पहिल्यांदा. दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, आणि घरातच बसले. सकाळी दोघांनी मिळून प्रार्थना केली, त्यांची लांबली, माझी दोन वाक्यांत संपली. भिवा येऊन गेला. "येनार हायती म्हनं लोकं? थांबू का?" म्हटलं, नको, तुझं कांद्याचं काम बघ.

दहाला विचारलं, "देणार का?"

"चहाला दूध आहे का बघ. चार जण येतील."

"मी काय विचारतेय?"

"ऐकलं मी."

साडेअकरा. दूध उकळून ठेवलं. फाट्याकडून जीप वळताना दिसली, मागे धूळ. खिडकीशी बसून लिहितेय. य. अंगणात गेलेत, लिंबोणीच्या सावलीत चार खुर्च्या मांडतायत, एकेक पुसून. पाचवी आणायला परत आत आले, नेली, ती चौघांच्या समोर ठेवली. बसले नाहीत. उभे आहेत. नोंदवही काखेत, घट्ट.

जीप थांबली. उठते.